१९७९ ची शेवरोले सी-१०, ३५० इंजिन: कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचंय

माळरान

गाडी १९७९ ची सी-१० पिकअप. ५.७ लिटरचं ३५० व्ही-८, चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, मोठ्या टोपीचा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर, दोन टाक्या. कॅम आणि हेड कंपनीचीच आहेत. गिअरबॉक्स आधीच्या मालकाने ७००आर४ (चार गिअरचा ऑटोमॅटिक) बसवलाय.

गाडी डेन्व्हरला असते. १६०० मीटरवर जेट नीट जमवले तरी लव्हलँड घाटात ३६५५ मीटरला पोचेपर्यंत इंजिन काळा धूर टाकतं आणि पिकअप जातो. हिवाळ्यात चोकचा त्रास आहेच. जवळच्या भंगार यार्डात १९९० ची सी१५०० उभी आहे, तेच ५.७ इंजिन, टीबीआय इंजेक्शनचं (थ्रॉटल बॉडीत वरूनच पेट्रोल फवारणारं), अजून कुणी हात न लावलेलं. तिचं सामान काढावं, की चार बॅरलच्या जागी बसणारं बाजारातलं सेल्फ-लर्निंग किट घ्यावं? मॅनिफोल्ड, टाक्या आणि वायरिंग यांत नेमकं काय काय बदलावं लागेल?

तेराचा पाना

कॅम कंपनीचा असेल तर डोळे झाकून टीबीआय घ्या. ३५० वर चालायला जे आकडे लागतात ते त्या ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) चिपमध्ये आधीच भरलेले आहेत. उंचीचा तुमचा प्रश्नही तिथेच सुटतो. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब निरपेक्ष मोजतो, आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी तोच बाहेरच्या हवेचा दाब वाचून ठेवतो. समुद्रसपाटीला तेव्हा साधारण ४.७ व्होल्ट दिसतात, डेन्व्हरला ३.८ च्या आसपास. कार्ब्युरेटरला विरळ हवेचा पत्ताच नसतो, म्हणून तो वर जाल तसं हवेच्या मानाने जास्त पेट्रोल ओततो.

सामान उचलायच्या आधी स्वतःचं इंजिन तपासा, हे कळकळीने सांगतो. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. गरम इंजिनाच्या आयडलिंगला व्हॅक्यूम बघा. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पारा असतो, तुमच्याकडे उंचीमुळे चार-पाच इंच कमी दिसेल, पण काटा स्थिर हवा. काटा थरथरत असेल तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंगकडे बघा. इंजेक्शनने आजारी इंजिन बरं होत नाही. उलट सेन्सर त्या आजारालाच खरं मानून मिश्रण बिघडवतात.

यार्डातून काय आणायचं: थ्रॉटल बॉडी तिच्या एअर क्लीनरसकट, ईसीएम (१२२७७४७ नंबरचा, आतली चिप त्याच गाडीची), लहान टोपीचा डिस्ट्रिब्युटर आणि बाहेरची कॉइल, मॅप सेन्सर, इंजिन ठोकतंय का ते ऐकणारा नॉक सेन्सर आणि त्याचा सिग्नल ईसीएमला देणारं ईएससी मॉड्यूल, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, पंपाचा रिले, ऑइल प्रेशर स्विच. हार्नेस (वायरिंगचा जुडगा) अख्खा आणा. वायर कापू नका, प्रत्येक कनेक्टर खिटी उचलून सोडवा. कापलेला हार्नेस जोडत बसण्यात जो वेळ जातो त्यात दुसरी गाडी उघडून होते.

३५० च्या थ्रॉटल बॉडीचे इंजेक्टर ताशी साधारण ६१ पौंड पेट्रोल देतात. ४.३ किंवा ५.० इंजिनाची थ्रॉटल बॉडी बाहेरून तशीच दिसते, पण तिचे इंजेक्टर लहान असतात. तेव्हा देणारी गाडी ५.७ चीच आहे ना, हे खात्री करून घ्या.

कोयनाकाठ

पानादादांच्या यादीत मॅनिफोल्ड नाही, पण ते आणण्याआधी हे वाचा, कारण लोक तिथेच फसतात. १९८७ पासूनच्या हेडमध्ये प्रत्येक बाजूचे मधले दोन बोल्ट ७२ अंशांत तिरके जातात. तुमच्या १९७९ च्या हेडचे सगळे बोल्ट पृष्ठभागाला काटकोनात, ९० अंशांत. टीबीआयचं मॅनिफोल्ड वर ठेवलं की बसल्यासारखं वाटतं, कोपऱ्यातले आठ बोल्ट लागतातही. मधले चार मात्र आट्यांना तिरके भिडतात. जोर लावलात तर हेडचे आटे गेले.

दोन उपाय आहेत. पहिला, टीबीआयच्या मॅनिफोल्डची मधली चार भोकं गोल कानशीने लांबट करायची आणि बोल्टच्या डोक्याखाली पाचरीच्या आकाराचे वॉशर घालायचे, म्हणजे डोकं सपाट टेकतं. दुसरा, तुमचं क्वाड्राजेटचं मॅनिफोल्ड तसंच ठेवून वर टीबीआयची अडॅप्टर प्लेट बसवायची. प्लेट सोपी पडते. मात्र तिच्या वरचं आणि खालचं अशी दोन्ही पॅकिंग हवा धरतायत का ते तपासावं लागतं, आणि क्वाड्राजेटच्या मागच्या मोठ्या भोकांवर पॅकिंगला टेकायला जागा कमी असते. मी पहिला उपाय घेईन. कानस मारायला दोन तास लागतात, पण ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), सेन्सर, थ्रॉटल केबल सगळं कंपनीच्या जागी येतं.

मॅनिफोल्डचे बोल्ट ३५ फूट-पौंड, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. पुढच्या आणि मागच्या भिंतीवर कॉर्कची पट्टी वापरू नका, ती सरकते. ५ मिलिमीटर जाड सिलिकॉनची रेघ ओढा आणि चारही कोपऱ्यांत पॅकिंगवर थोडी चढवा. थ्रॉटल बॉडीच्या बोल्टना १२ फूट-पौंड पुरे.

माळरान

ताई, कोनाचं कुठेच वाचलं नव्हतं, आभार. कानसच मारतो. आता पेट्रोलची बाजू. यांत्रिक पंप काढून चॅसीवर इलेक्ट्रिक पंप लावला तर चालेल ना?

गडगडाट

चालतो, पण तुमच्या गाडीला त्याहून चांगली सोय आहे. खरं काम मागच्या बाजूलाच आहे, इंजिनावरचं त्या मानाने किरकोळ. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीबीआयला ९ ते १३ पीएसआय दाब लागतो, तोही न थांबता. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये घोटभर पेट्रोल कायम असतं. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका कडेला गेलं आणि पंपाने क्षणभर हवा ओढली तरी इंजिनाला ते कळत नाही. इंजेक्शनला असा साठा नाही. हवेचा बुडबुडा आला की इंजिन तिथेच गचकतं. तुमच्या जुन्या टाकीत पेट्रोल अडवायला पंपाभोवती कप्पा नाही, त्यामुळे पाव टाकी उरली की घाटातल्या प्रत्येक लांब वळणावर हे होणार.

तुमच्या बांध्याची, म्हणजे चौकोनी बॉडीची पिकअप १९८७ साली टीबीआयसह निघाली. तिच्या बाजूच्या टाक्या आणि आतला पंप असलेला सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) तुमच्या चॅसीवर बसतात. नवीन टाकी घेणार असाल तर १९८७ च्या इंजेक्शन मॉडेलची मागा. पंप टाकीत बुडालेला असला की गारही राहतो आणि आवाजही करत नाही. बाहेरचा पंपच लावायचा तर टाकीच्या तळाच्या पातळीखाली, टाकीला शक्य तितका जवळ. हे पंप ढकलतात चांगलं, ओढायला कच्चे असतात.

पंप मोठा घेऊ नका. ताशी २५५ लिटरचा पंप लोक 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून घेतात. टीबीआयच्या लहान रेग्युलेटरला एवढं पेट्रोल परत सोडता येत नाही, मग दाब १३ च्या वर जातो आणि आयडलिंगला प्लग काळे पडतात.

परतीची लाइन ५/१६ इंच हवी. १९७९ च्या बऱ्याच गाड्यांवर १/४ इंचाची वाफेची नळी असते, तीच परतीला वापरायचा मोह होतो. तिच्यामुळेही दाब चढतो. रबरी नळी जिथे असेल तिथे इंजेक्शनसाठीची, ३०आर९ छापलेली. कार्ब्युरेटरची जुनी नळी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतून सोलते आणि ते कण थेट इंजेक्टरच्या जाळीत जातात. दातेरी पट्टीचा क्लॅम्प नळी कापतो, सलग पट्टीचा घ्या.

दोन टाक्या असल्याने आणखी एक गोष्ट. तुमचा जुना व्हॉल्व्ह फक्त पुरवठ्याची लाइन बदलत असेल तर उजव्या टाकीतून ओढलेलं पेट्रोल डाव्या टाकीत परत जाईल. डावी भरून टोपणातून वाहायला लागेल, खाली सायलेन्सर आहे. १९८७ चा सहा तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह पुरवठा आणि परत दोन्ही एकदम फिरवतो. तो घालाच. नाहीतर एक टाकी कायमची बंद करा. यात तिसरा मार्ग नाही.

यांत्रिक पंप काढला की ब्लॉकवर झाकणपट्टी लावायची आणि आतला दांडा बाहेर काढायचा. दांडा आत सोडला तर तो कॅमवर विनाकारण घासत राहतो.

निळी नदी

वायरिंगचं मी लिहितो.

ईसीएम केबिनमध्ये, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. हार्नेसला फायरवॉलमध्ये भोक पाडलं की रबरी ग्रोमेट घाला. ईसीएमला दोन प्रकारची वीज लागते, बॅटरीची कायमची आणि किल्लीची. किल्लीची वायर इंजिन क्रँक करतानाही १२ व्होल्ट देते ना, ते मीटरने बघा. जुन्या फ्यूज बॉक्समधली काही तोंडं स्टार्टर फिरताना मरतात, आणि मग 'क्रँक होते पण सुरू होत नाही' हा शोध दिवसभर चालतो.

अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, इंजिनावरच द्या, कंपनी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरच्या स्टडला देते. रंग खरवडून, चांदीसारखा धातू दिसल्यावर. बॉडीला दिलेला अर्थ दिवे लावले की हलतो आणि त्याच्याबरोबर सगळ्या सेन्सरचे आकडे हलतात. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू असताना ईसीएमच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

पंपाचा रिले ईसीएम चालवतो. किल्ली फिरवली की २ सेकंद पंप चालतो, डिस्ट्रिब्युटरकडून ठोके आले की चालू राहतो. ऑइल प्रेशर स्विच त्याला समांतर जोडलेला असतो. रिले गेला तरी ऑइलचा दाब आला की पंपाला वीज मिळते. हा स्विच अनावश्यक समजून सोडू नका.

ईएससी मॉड्यूलही नको म्हणून काही जण सोडतात. नॉक नसताना ते मॉड्यूल ईसीएमला ८ ते १० व्होल्ट देत असतं. ती वायर मोकळी राहिली तर ईसीएमला वाटतं इंजिन सतत ठोकतंय. मग ते टायमिंग मागे ओढतं, बिघाडाचा कोड ४३ देतं आणि चढावर गाडीत दम राहत नाही. नॉक सेन्सर ब्लॉकच्या खालच्या पाण्याच्या ड्रेनच्या भोकात बसतो. त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं.

वेगाचा सेन्सर: ईसीएमला मैलाला २००० ठोके लागतात. स्पीडोमीटरची केबल मधे तोडून बसणारा पल्स जनरेटर मिळतो, तो घ्या. तो नसेल तर कोड २४ येतो, सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडतं आणि ७००आर४ चा टॉर्क कन्व्हर्टर ईसीएमकडून लॉक होत नाही.

ऑक्सिजन सेन्सर एका वायरचा असतो, त्याला तापवायला एक्झॉस्टच लागतो. तुमच्याकडे कंपनीचं लोखंडी मॅनिफोल्ड असेल तर त्याच्या तोंडाशी बसवा. लांब हेडर असतील तर तीन वायरचा, हीटरवाला घ्या. साधा सेन्सर खाली लांब बसवला की आयडलिंगला गार पडतो आणि ईसीएम क्लोज्ड लूप (ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण सुधारणं) सोडून देतं.

थर्मोस्टॅट १९५ फॅरनहाइटचा ठेवा. 'इंजिन गार राहील' म्हणून १६० चा घातला तर गरम होण्याच्या काळातलं जादा पेट्रोल संपतच नाही.

कोयनाकाठ

७००आर४ आहे म्हणून स्वतंत्र लिहिते, कारण इथे गिअरबॉक्स जळतो. त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल थ्रॉटलला जोडलेली असते आणि आतला ऑइलचा दाब तीच ठरवते. थ्रॉटल बॉडीच्या कानावर केबलचं भोक कंपनीच्याच जागी आणि कंपनीच्याच अंतरावर हवं. पाय पूर्ण दाबला की केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, पाय सोडला की सैल न पडता ताणलेली. अंतर चुकलं तर दाब कमी राहतो, तिसऱ्या-चौथ्याचा क्लच घसरतो आणि थोड्याच दिवसांत ऑइल जळकं वास मारतं. १९९० च्या गाडीतही ७००आर४ असेल तर तिची थ्रॉटल केबल, टीव्ही केबल आणि दोन्हींची ब्रॅकेट सरळ उचलून आणा. अडॅप्टर प्लेट वापरणाऱ्यांची उंची बदलते, त्यांनी तर हे दोनदा मोजावं.

सह्यवारा

विषयाला लागूनच विचारतो. पुण्यात कार्ब्युरेटरची जिप्सी आहे. एमपीएफआयचं (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) मॅनिफोल्ड आणि ईसीयू घालून असंच करता येईल का?

निळी नदी

फक्त मॅनिफोल्ड बदलून नाही, भाऊ. कार्ब्युरेटरच्या जिप्सीचं १.३ इंजिन ८ व्हॉल्व्हचं, एमपीएफआयचं जी१३बीबी १६ व्हॉल्व्हचं. हेडच वेगळं असल्याने मॅनिफोल्ड बसत नाही. अख्खं इंजिन, हार्नेस, ईसीयू आणि टाकीतला पंप असंच करावं लागतं. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून इंजिन खरेदी करायच्या आधीच आरटीओची परवानगी घ्या. इंजिन नंबर आरसी बुकवर चढला नाही तर विमा आणि पासिंग दोन्ही अडतात.

अमेरिकेतल्यांसाठीही सांगतो: कॅलिफोर्नियात १९७६ किंवा नंतरचं मॉडेल असेल तर स्मॉग चेक असतो. बाजारातलं किट घ्यायचं तर त्याला तिथल्या एअर बोर्डाचा ईओ (मंजुरीचा) नंबर आहे का ते आधी बघा. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे.

तेराचा पाना

माळरान, पहिल्यांदा सुरू करतानाचा क्रम.

आयएसी (आयडलिंगची हवा सांभाळणाऱ्या) व्हॉल्व्हची सुई बसवण्याआधी मोजा, २८ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर असेल तर अलगद आत ढकला. तशीच घातली तर ती टेकून मोडते. किल्ली फिरवून बंद असं तीन-चार वेळा करा, लाइन भरेल. गळती बघा, दाब मोजा, मगच स्टार्टर.

टायमिंग लावायला डिस्ट्रिब्युटरच्या चार वायरपैकी बायपासची, पिवळट तपकिरी वायर तिच्या एकट्या कनेक्टरपाशी सोडा. ती फायरवॉलजवळ असते. आता ईसीएम टायमिंगमध्ये ढवळाढवळ करत नाही. टायमिंग लाइटने ० अंशावर लावा, डिस्ट्रिब्युटर आवळा, वायर जोडा, बॅटरी मिनिटभर सोडून, ही वायर सोडल्यामुळे आलेला कोड ४२ पुसा. ही वायर न सोडता टायमिंग लावलं तर इंजिन कायम चुकीच्या पायावर चालतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या सवयीने ८ अंश ठेवलेत तर चढावर ठोकेल.

थ्रॉटल सेन्सर पाय सोडलेला असताना ०.५ ते ०.६ व्होल्ट. तापमानाच्या सेन्सरचा रोध मीटरने बघा: २० सेल्सिअसला ३५२० ओम, ९० ला २४१, १०० ला १७७. हे आकडे जुळले नाहीत तर सेन्सर बदला, दुसरीकडे शोधू नका.

कोड वाचायचे तर डॅशखालच्या कनेक्टरची ए आणि बी ही दोन तोंडं तारेने जोडून किल्ली फिरवा. चेक इंजिनचा दिवा आधी १२ तीनदा दाखवेल, मग बाकीचे कोड. नुसते १२ आले म्हणजे ईसीएम ठीक आहे.

माळरान

सगळं बसलं, इंजिन अर्ध्या सेकंदात पेटलं. टायमिंग ०. गरम झाल्यावर मात्र आयडलिंग जड, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास, कोड ४५. तापमान सेन्सर ९० सेल्सिअसला २४४ ओम, मॅप किल्लीवर ३.८ व्होल्ट, थ्रॉटल सेन्सर ०.५४. व्हॅक्यूम गळती सापडली नाही.

निळी नदी

४५ म्हणजे मिश्रण जड. सेन्सर तिन्ही ठीक आहेत, म्हणजे पेट्रोलच जादा येतंय. इंजिन चालू असताना दाब किती?

माळरान

१९ पीएसआय. पंप १९८७ च्या सेंडरचाच आहे, मोठा नाही.

गडगडाट

मग परतीत अडथळा आहे. थ्रॉटल बॉडीकडून परतीची नळी सोडा, तिला लांब नळी जोडून पेट्रोलच्या डब्यात सोडा आणि किल्लीने पंप चालवा. जवळपास ठिणगी नको, अग्निशामक हाताशी ठेवा. दाब १३ च्या आत आला तर दोष मागे आहे. नाही आला तर रेग्युलेटर.

माळरान

डब्यात सोडल्यावर १२. मग मागे जात जात तपासलं. सहा तोंडांच्या व्हॉल्व्हपर्यंत ५/१६ आहे, तिथून उजव्या टाकीपर्यंत मी जुनी १/४ ची नळी ठेवली होती. तेवढाच चार फुटांचा तुकडा बदलला. आता १२.५, दोन्ही टाक्यांवर सारखंच.

तेराचा पाना

छान. आता एअर क्लीनर काढून आयडलिंगला टायमिंग लाइट इंजेक्टरवर धरा. लाइटच्या चमकेत फवारा थबकल्यासारखा दिसतो. दोन्हीकडून सारखा, भरीव कडांचा शंकू पडायला हवा. एका बाजूला धार दिसली किंवा शंकू तुटका असला तर तो इंजेक्टर साफ करा. किल्ली बंद केल्यावर एकही थेंब टपकता कामा नये. टपकला तर इंजेक्टरच्या खालची ओ-रिंग बदला.

स्कॅनर किंवा लॅपटॉप जोडता येत असेल तर ब्लॉक लर्नचा आकडा (ईसीएमने पेट्रोलात केलेली सुधारणा) बघा. १२८ म्हणजे ईसीएमला काहीच सुधारावं लागत नाही, ११८ ते १३८ चालतं. हा ईसीएम १६० बॉडने बोलतो, आकडे सेकंदाला एखाद्याच वेळी बदलतात, तेव्हा घाई न करता स्थिर वेगाने गाडी चालवताना बघायचं. दाब १९ असताना शिकलेलं पुसायला बॅटरी एकदा सोडा.

माळरान

शंकू दोन्हीकडे सारखे, टपकत नाही. बॅटरी सोडून ४० मैल चालवली. ब्लॉक लर्न आयडलिंगला १२४, ताशी ६० मैलांना १३१. कोड नुसता १२. लव्हलँडच्या माथ्यावर आयडलिंगला १२६, धूर नाही.

कोयनाकाठ

मस्त आकडे. ५०० मैलांनी मॅनिफोल्डचे मधले चार बोल्ट परत ३५ वर तपासा. लांबट भोकांचे बोल्ट पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत थोडे बसतात.